बाटली क्रमांक ५३-एन

हाफकिन हे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असणारच. विज्ञानाच्या धड्यातून नसेल, पण बातमीतून नक्की. २०१७ नंतरची काही वर्षं राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी औषधं खरेदी करायचं काम हाफकिन महामंडळाकडे होतं. त्यामुळे दवाखान्यात गोळ्या संपल्या, इंजेक्शन आलं नाही, की बातमीत हे नाव यायचं. पल्स पोलिओच्या रविवारी तुमच्या जिभेवर पडलेले दोन थेंबही परळच्या हाफकिनमध्ये तयार झालेले असू शकतात.

पण हाफकिन म्हणजे काय, असं कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. कंपनी, लॅब, सरकारी ऑफिस अशी उत्तरं येतील. खरं तर हे एका माणसाचं आडनाव आहे. वाल्डेमार हाफकिन. हजारो मैलांवरून आलेल्या या माणसाने मुंबईत प्लेगची लस बनवली, आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग लाखो लोकांपर्यंत पोचवली. पुढे एका बाटलीमुळे त्यांचं सगळं काम मातीत गेलं. त्या बाटलीचा नंबर होता ५३-एन.

नंबरावर एवढा जोर का, ते आधी सांगतो. घरातली कुठलीही गोळ्यांची स्ट्रिप घ्या आणि उलटी करा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी दाबून छापलेला बॅच नंबर. आपण फार तर एक्स्पायरी बघतो. बॅच नंबर वाचणारा गिऱ्हाईक मेडिकलच्या काउंटरवर मी तरी अजून पाहिलेला नाही. आता समजा, छपाईत चूक झाली आणि ५ च्या जागी ५० मिलिग्रॅम पडलं. किंवा बीपीच्या गोळीच्या खोक्यात शुगरच्या गोळीच्या स्ट्रिप गेल्या. अशा वेळी कंपनीला तो माल देशभरातून परत मागवावा लागतो. यालाच रिकॉल म्हणतात. सगळं औषध काही परत मागवत नाहीत, फक्त त्या बॅचचं मागवतात. म्हणजे नागपूरच्या गोदामापासून लोणारच्या मेडिकलपर्यंत सगळ्यांनी शोधायचा असतो तो एक नंबर.

१९०२ मध्ये रिकॉलचे नियम नव्हते. बाटलीवर नंबर मात्र होता. त्याच नंबरामुळे एक माणूस आधी दोषी ठरला आणि पाच वर्षांनी सुटला.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. ओडेसा शहरातला. ते आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि तिथे त्यांना शिक्षक मिळाले इल्या मेचनिकॉव्ह. पुढे नोबेल मिळालेले, पांढऱ्या पेशी जंतूंना कसं गिळतात हे दाखवणारे मेचनिकॉव्ह ते हेच.

हाफकिन काही नुसते पुस्तकी विद्यार्थी नव्हते. झारच्या राजवटीविरुद्धच्या विद्यार्थी चळवळीत होते, पकडले गेले. ज्यू वस्त्यांवर दंगलखोरांचे हल्ले व्हायचे, तेव्हा बचाव करणाऱ्या तरुणांमध्येही ते होते आणि त्यात जखमी झाले. शिक्षण झालं, पण ज्यू माणसाला प्राध्यापकाची जागा मिळणं कठीण. धर्म बदला, मग बघू, असा सगळा मामला. त्यांनी धर्म बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडला, जिनिव्हात थोडं शिकवलं आणि तिथून पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. मेचनिकॉव्ह तोवर तिथे पोचले होते. जागा रिकामी होती ती ग्रंथालयात. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं. (डिग्री हातात असून मिळेल ते काम करणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचायला हरकत नाही.)

तेव्हा युरोपात कॉलऱ्याची साथ होती. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर चाचणी झाली. माणसावर कोण करू देणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला. तेव्हा वय होतं ३२.

कॉलरा खरा ठाण मांडून बसला होता तो हिंदुस्थानात. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. आग्रा, पंजाब, संयुक्त प्रांत, बंगालच्या वस्त्या, आसामचे चहाचे मळे असे दोनेक वर्षं फिरले आणि चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. सक्ती नव्हती, येईल त्याला टोचायची. एकाच घरात काहींनी लस घेतली, काहींनी नाही, अशा घरांवर ते लक्ष ठेवत आणि साथ आल्यावर कोण वाचलं ते मोजत. आज क्लिनिकल ट्रायल म्हणून आपण जे शिकतो, त्याची ही सुरुवातीची रूपं. या फिरण्यात त्यांना मलेरिया जडला आणि ते इंग्लंडला परतले. बरं वाटताच पुन्हा आले.

तुपाचा थेंब

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला आणि हा प्लेग आहे, असं ठामपणे सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्याबाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर प्लेगची लस बनवायची होती.

ती कशी बनवली, हे बायोलॉजीवाल्यांनीच नाही, सगळ्यांनी वाचावं असं आहे. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. गाईचं मांस वापरलं तर हिंदू लस घेणार नाहीत, डुकराचं वापरलं तर मुसलमान घेणार नाहीत. हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. अर्काच्या पृष्ठभागावर ते तुपाचे थेंब सोडत. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत. भांडं हलवलं की पारंब्या तुटून तळाला जात, वरून नव्या फुटत. असं काही आठवडे चालायचं. मग सगळं तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. म्हणजे पुढे दुसरा कुठला जंतू शिरला तरी तो तगू नये.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही इतरांना द्यायच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, पण काही बिघडलं नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे स्वतःहून पुढे आले, त्यांना लस दिली. लस घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे आणि दगावणारे कमी निघाले.

ते साल आठवा. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या. २२ जूनच्या रात्री पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, कारण प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरांत घुसत होते. कोविडच्या वेळी आपण ज्याचं नाव रोज ऐकलं तो साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, १८९७ चा. सरकारच्या कुठल्याच गोष्टीवर लोकांचा भरवसा उरलेला नव्हता. अशात एक परका माणूस सुई घेऊन येतो म्हटल्यावर अफवा उठणारच. आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नाही, अनेकदा, आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. मग हळूहळू रांगा लागल्या. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली. आज हाफकिन संस्था आहे ती तीच जागा.

आपल्याकडचं काय? मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगावला थांबत होती. खामगावला तर १८७० मध्येच फाटा आला होता, कापसासाठी. त्या काळी हा मुलूख वऱ्हाड प्रांतात होता. ज्या गाडीने कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या, त्याच गाडीने माणसं, धान्याची पोती आणि उंदीर परत यायचे. मुंबईच्या साथीला वऱ्हाडचा रस्ता माहीत नव्हता असं नाही. गावं ओस टाकून लोक शेतात खोपट्या घालून राहायचे, हे जुन्या माणसांच्या तोंडून तुमच्याही घरात कुणीतरी ऐकलेलं असेल. श्री गजानन विजय ग्रंथ ज्यांच्या घरी वाचला जातो, त्यांना मुंडगावच्या पुंडलिकाची गोष्ट पाठ असते. शेगावच्या वारीला निघालेल्या पुंडलिकाच्या काखेत वाटेतच गाठ येते. ग्रंथात त्याला ग्रंथीज्वर म्हटलंय. तोच हा प्लेग. मुंबईत तुपाच्या थेंबाखाली पारंब्या वाढवणारा माणूस आणि आपल्या घरातली पोथी एकाच काळातली आहेत, हे लक्षात आलं तेव्हा मला तरी जरा वेगळंच वाटलं.

एकोणीस माणसं

१९०२. पंजाबात प्लेग भयंकर पसरला होता. तिथल्या सरकारने लाखो लोकांना लस टोचायची मोहीम आखली. एवढी लस परळहूनच जाणार. मागणी वाढली तसा हाफकिन यांनी पद्धतीत एक बदल केला. जंतू उष्णतेने मरतातच, मग कार्बोलिक ॲसिडची पायरी कशाला, असा विचार करून त्यांनी ती गाळली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अशी पद्धत वापरात होती. लस लवकर तयार होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आखडले, अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. धनुर्वात. एकोणीसही जण गेले.

बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही. मग कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं ते पडताळलं. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ५३-एन.

इथे थोडं थांबा. गावोगाव घाईत मोहीम चाललेली, समोर माणसांची रांग, तरीही कुणाला कुठल्या बाटलीतून दिलं याचा माग लागू शकला. तो लागला नसता तर दोष पंजाबातल्या सगळ्या लसीवर गेला असता. किंवा उलट, सगळंच गुलदस्त्यात राहिलं असतं. बाटलीवरच्या दोन आकड्यांनी आणि एका अक्षराने चूक एका जागी आणून दाखवली.

पण नंबर तुम्हाला बाटलीपर्यंत नेतो. त्या बाटलीत जंतू कधी शिरला, हे तो सांगत नाही. परळला भरताना? वाटेत? की मुल्कोवालमध्ये बूच काढताना? मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाचं मत पडलं की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, ती दूषित झाली असावी. आणि बोट गेलं गाळलेल्या कार्बोलिक ॲसिडकडे. ते घातलं असतं तर धनुर्वाताचा जंतू तगला नसता, असा तर्क. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून बाजूला केलं. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. स्वतःच उभी केलेली प्रयोगशाळा मागे राहिली.

आयोगापुढे आलेली एक गोष्ट मात्र कुणी नीट उचलली नव्हती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात जुजबी विसळला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, शेणात. म्हणून तर खिळा लागला की आई धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवते. निर्जंतुक करायचं तर चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता. विसळून हे जंतू मरत नाहीत.

दुसरीही एक गोष्ट होती. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत चाळीसेक दिवस गेले होते. धनुर्वाताचे जंतू एवढे दिवस आत वाढत असते तर बूच काढताच घाण वास आला असता. तसा वास कुणाला आला नव्हता. शिवाय इतके दिवस मुरलेलं विष थेट शरीरात गेलं असतं तर माणसं कितीतरी लवकर आजारी पडली असती. इथे मात्र मधे आठवडाभराचा काळ गेला. ताजे जंतू शरीरात जाऊन वाढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

त्या मदतनिसालाच आता फासावर चढवू नका हं. एकाच माणसाने किती बाटल्या उघडायच्या, त्याला काय शिकवलं होतं, ज्योतीची सोय होती की नव्हती, हे प्रश्नही तितकेच खरे आहेत. माझा मुद्दा एवढाच की आयोग नंबराचा माग काढत परळपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. बाटली परळहून निघाल्यावर तिचं काय झालं, हा माग अर्धवट राहिला. आणि तसं राहणं सोयीचंही होतं. मोहिमेतली ढिलाई उघडी पडली असती तर सरकारचं नाव खराब झालं असतं. एका परक्या शास्त्रज्ञाचं झालं तर फारसं बिघडत नव्हतं. हे माझं मत आहे, पण तुम्ही सगळा घटनाक्रम ओळीने लावून बघा.

या सगळ्यात खरं नुकसान झालं ते लोकांचं. मुल्कोवालची बातमी पसरली आणि पंजाबातली लसीकरणाची मोहीम कोसळली. प्लेग थांबला नाही. पुढची काही वर्षं पंजाब देशात सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या साथीच्या सगळ्या वर्षांत मिळून हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्यांतली किती लसीने वाचली असती, याचा हिशोब कोण करणार?

डब्यावर नाव एक, आत भलतंच

हाफकिन इंग्लंडमध्ये आपली बाजू मांडत बसले होते, तोवर आपण शंभरेक वर्षं पुढे जाऊन येऊ. त्यांच्या पहिल्या खोलीचा पत्ता होता ग्रँट मेडिकल कॉलेज. त्याला लागूनच जे. जे. रुग्णालय. १९८६ च्या सुरुवातीला याच जे. जे.मध्ये १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. ते विष आहे आणि मूत्रपिंडं निकामी करतं. लेबल सांगत होतं औषधी ग्लिसरीन, आत मिसळलेलं होतं हे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषध रुग्णापर्यंत पोचताना कुणी कुणी डोळे मिटले, हे एकेक करून दाखवलं. म्हणजे १९०२ मध्ये जे अर्धवट राहिलं होतं, ते या आयोगाने केलं. खरेदीपासून वॉर्डातल्या बाटलीपर्यंत सगळा माग काढला.

आज आपल्याकडे रिकॉलची रीतसर पद्धत आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोष किती घातक आहे यावर तीन वर्ग पडतात. लेबल एका औषधाचं आणि आत दुसरंच, हा पहिल्या, सगळ्यात गंभीर वर्गात. जीवावर बेतणारा प्रकार असेल तर विक्री २४ तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत थांबवायची असते. लेबलवरचा मजकूर किंवा आकडा चुकला, तर ते सहसा त्याखालच्या वर्गात. राज्यात हे बघायचं काम एफडीएचं. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइलने स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच नंबर, तारखा, परवाना असं सगळं दिसायला हवं. जिल्ह्यात फार्मसी शिकणारे खूप जण आहेत, त्यांना हे नियम परीक्षेला असतात. बाकीच्यांनी स्ट्रिप कापताना बॅच नंबरचा तुकडा फेकू नये, एवढं तर जमेल. मेडिकलवाल्याकडून सुट्या चार गोळ्या घेतल्या की नेमका तोच भाग त्याच्याकडे राहतो, हे कधी लक्षात आलंय? बिल मागितलं तर त्यावर बॅच नंबर मिळतो. आपण बिल मागत नाही, ही गोष्ट वेगळी.

पाच वर्षं

तर हाफकिन. १९०४ ते १९०७ हा काळ त्यांनी कागदं गोळा करण्यात आणि लोकांना पटवण्यात घालवला. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. रोनाल्ड रॉस मैदानात उतरले. डासामुळे मलेरिया होतो हे सिकंदराबादेत शोधून काढणारे आणि १९०२ मध्ये, म्हणजे मुल्कोवालच्याच वर्षी नोबेल मिळालेले रॉस. त्यांनी चिमट्याचा मुद्दा धरून ठेवला. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी मिळून लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं आणि हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्यावर टिकत नाही, हे जाहीर सांगितलं. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. जंतू शिरला तो बाटली उघडताना, गावात, हे मान्य झालं.

बाटली तीच, नंबरही तोच, फक्त आता कुणीतरी पुढचा माग काढला होता.

पण दोषमुक्त होणं म्हणजे सगळं परत मिळणं नसतं. परळची प्रयोगशाळा हाफकिन यांना मिळाली नाही. तिथे दुसरे प्रमुख आले होते. त्यांना कलकत्त्याला पाठवलं, तेही लस बनवायच्या कामाला नाही. सहा-सात वर्षं त्यांनी तिथे संशोधन केलं, पण मुंबईत होती ती धडाडी पुन्हा दिसली नाही. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी ज्या धर्मासाठी प्राध्यापकी सोडली, त्याच धर्माकडे उतारवयात ते अधिकाधिक वळले आणि आपली मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांसाठीच्या निधीला दिली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेचे संचालक मॅकी यांनी पुढाकार घेतला आणि संस्थेचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं. माणूस हयात असताना, आणि तेही ज्या संस्थेतून त्याला बाजूला केलं तिलाच त्याचं नाव. हाफकिन यांनी आभाराचं पत्र पाठवलं. आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईतल्या कामातच गेली, असा त्याचा आशय होता. तक्रारीचा सूर नव्हता. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. एखाद्याच्या आजोबांच्या जुन्या अल्बममध्ये ते सापडेलही.

शेवटची वर्षं ते स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. मुल्कोवालला अठ्ठावीस वर्षं व्हायला तेव्हा चार दिवस बाकी होते.